वाचकांचे प्रश्न : ब्रिटनच्या रानातले माग

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या अनेक वाचकांनी या वेळी जवळजवळ एकाच आशयाची पत्रे पाठवली आहेत. रानात फिरताना प्राणी क्वचितच दिसतात, त्यांच्या खुणा मात्र जागोजागी दिसतात. त्या वाचायला शिकावे कसे, असे त्यांनी विचारले आहे. ब्रिटनमधील बहुतेक सस्तन प्राणी रात्री किंवा तिन्हीसांजेला बाहेर पडणारे आणि माणसाची चाहूल लागताच दूर होणारे असल्यामुळे त्यांची ओळख चिखलातल्या ठशांतून, कुरतडलेल्या कवचांतून आणि काटेरी तारेला अडकलेल्या केसांतूनच करून घ्यावी लागते. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न : ठशांच्या चित्रांचे पुस्तक घेऊन मी सुट्टीच्या दिवशी वेगवेगळ्या ठिकाणी हिंडते, परंतु प्रत्यक्ष दिसणारा ठसा पुस्तकातल्या चित्राशी कधीच नीट जुळत नाही. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, ब्रिस्टल

उत्तर : वेगवेगळ्या ठिकाणी हिंडणे काही काळ थांबवावे आणि घराजवळची एकच छोटी वाट निवडावी, ही आमची पहिली सूचना आहे. नवख्या ठिकाणी प्रत्येक खूण सारखीच नवी वाटते. ओळखीच्या वाटेवर मात्र काल नव्हते आणि आज आहे ते आपोआप डोळ्यांत भरते, आणि माग काढण्याचे शिक्षण खऱ्या अर्थाने तेथूनच सुरू होते. वाट निवडण्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा ‘एक्सप्लोरर’ नकाशा घ्यावा. त्यावर सार्वजनिक पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. अशी पायवाट जेथे ओढा ओलांडते, जेथे झाडीची कड शेताला भिडते किंवा जेथे झुडपी कुंपणात फाटक असते, त्या जागा आधी नकाशावर हेरून ठेवाव्यात, कारण प्राणीही शक्यतो सोयीच्या वाटेनेच जातात.

चिखल जितका खोल तितका ठसा चांगला, ही समजूत चुकीची आहे. खोल चिखलात पाय रुततो, बाहेर काढताना कडा ढासळतात आणि मागे नुसता खड्डा उरतो. कठीण जमिनीवर पसरलेला ओल्या मातीचा पातळ थर किंवा पूर ओसरल्यावर नदीकाठी राहिलेला बारीक गाळ सर्वांत उपयोगाचा. उजेडही महत्त्वाचा आहे. भर दुपारी वरून येणाऱ्या उजेडात ठसा सपाट दिसतो, तर सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात त्याच ठशाच्या प्रत्येक बोटाची सावली पडते. म्हणून ठसा आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असे उभे राहावे, आणि ढगाळ दिवशी बॅटरी जमिनीलगत आडवी धरून पाहावे.

आता पुस्तकातल्या चित्राविषयी. ते चित्र सपाट जमिनीवर संथ चाललेल्या प्राण्याच्या एका पायाचे असते, आणि प्रत्यक्षात असा ठसा फार थोड्या वेळा मिळतो. उतारावर पाय घसरतो, पळताना बोटे फाकतात, आणि अनेक प्राण्यांचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावरच पडत असल्याने दोन ठसे एकमेकांत मिसळतात. शितावरून भाताची परीक्षा येथे चालत नाही. एक ठसा सापडला की त्याच्या आधीचा आणि नंतरचा शोधावा, दोन ठशांमधले अंतर मोजावे, तो प्राणी कोठून आला असेल आणि कोणत्या आडोशाकडे गेला असेल हे पाहावे, आणि त्यानंतरच नावाचा विचार करावा. ठशाचे छायाचित्र घेण्याआधी तो वहीत हाताने काढावा असेही आम्ही आग्रहाने सांगू, कारण चित्र काढताना बोटे मोजावीच लागतात, तर कॅमेऱ्याचे बटण काहीही न मोजता दाबता येते.

ठशांवाचून दिसणारे मागही आहेत. पहाटे दवाने पांढरट झालेल्या कुरणात प्राणी गेलेल्या ठिकाणी दव झडून गडद रेघ उमटते. ऊन वर येईपर्यंत ती रेघ टिकते, आणि झुडपी कुंपणाखालून प्राणी नेमका कोठून आत शिरला हे ती चोख दाखवते.

प्रश्न : आमच्या मागच्या बागेत रोज सकाळी ठसे दिसतात. ते कोल्ह्याचे आहेत की शेजारच्या कुत्र्याचे, हे कसे ठरवावे?
— एक वाचक, लंडन

उत्तर : तांबडा कोल्हा लंडनसारख्या शहरांत चांगलाच रुळलेला आहे, त्यामुळे शंका रास्त आहे. कोल्ह्याच्या ठशात चार बोटे दिसतात. ठसा सुमारे पाच सेंटिमीटर लांब आणि रुंदीला कमी, म्हणजे लांबट असतो. पुढची दोन बोटे इतकी पुढे असतात की बाजूच्या दोन बोटांच्या टोकांना जोडणारी आडवी रेघ ओढली, तर ती पुढच्या बोटांच्या मागच्या कडेला जेमतेम लागते किंवा त्यांच्या मागूनच जाते. कुत्र्याच्या ठशात हीच रेघ पुढच्या बोटांना कापून जाते, कारण त्याची बाजूची बोटे पुढच्या बोटांना कवेत घेतल्यासारखी असतात. कोल्ह्याच्या तळव्याची गादी लहान असते, आणि बोटे व गादी यांच्या मधल्या जागेतून फुलीच्या दोन्ही रेघा गादीला न छेदता काढता येतात. ठसा गोल असून नखे अजिबात उमटलेली नसतील, तर तो मांजराचा समजावा.

तरीही कुत्र्यांच्या जाती इतक्या आहेत की लहान चणीच्या एखाद्या कुत्र्याचा पाय कोल्ह्याच्या पायासारखा दिसू शकतो. अशा वेळी चालीकडे पाहावे. कोल्हा मागचा पाय पुढच्याच्या ठशात ठेवत जवळजवळ सरळ रेषेत जातो. फिरायला आणलेला कुत्रा वाटेत दहा ठिकाणी वळतो, थांबतो, मागे येतो. विष्ठाही साक्ष देते. कोल्ह्याची विष्ठा एका टोकाला पीळ पडून निमुळती झालेली असते. तिच्यात केस, हाडांचे तुकडे, भुंग्यांची कवचे आणि शरद ऋतूत ब्लॅकबेरीच्या बिया सापडतात. हद्द दाखवण्यासाठी ती दगडावर किंवा गवताच्या उंचवट्यावर मुद्दाम टाकलेली असते. ती काडीनेच उकलून पाहावी. उघड्या हाताने कोणतीही विष्ठा हाताळू नये.

प्रश्न : माझ्या मुलीने जंगलातून हेझल या झुडपाच्या टणक फळांची भोके पडलेली कवचे गोळा करून आणली आहेत. प्रत्येक भोक वेगळे दिसते. यांवरून प्राणी ओळखता येतो का?
— एक वाचक, डेव्हन

उत्तर : येतो, आणि बऱ्याचदा ठशापेक्षा अधिक खात्रीने येतो, कारण चिखल सुकतो, वाहून जातो, परंतु हेझलचे टणक कवच दातांची खूण महिनोन्महिने जशीच्या तशी जपून ठेवते. मुलीला दहापट मोठे दाखवणारे छोटे भिंग आणून द्यावे आणि प्रत्येक कवचाच्या दोन जागा तिला निरखायला सांगाव्यात : भोकाची आतली कड, आणि भोकाभोवतीचा बाहेरचा पृष्ठभाग. सारा निकाल या दोन जागांवर लागतो.

आतल्या कडेवर नाण्याच्या कडेवर असतात तशा बारीक समांतर रेषा असतील, आणि बाहेरच्या पृष्ठभागावरही ओरखडे असतील, तर ते काम वूड माऊस या रानउंदराचे. आतल्या कडेवर तशाच रेषा, पण बाहेरचा पृष्ठभाग स्वच्छ असेल, तर बँक व्होल या आखूड शेपटीच्या, उंदरासारख्या प्राण्याचे. भोक गोल असून आतली कड बोट फिरवल्यावर गुळगुळीत लागत असेल, आणि दातांच्या खुणा भोकाभोवती बाहेरच्या पृष्ठभागावर तिरप्या गेलेल्या असतील, तर ते कवच हेझल डॉरमाऊस या उंदरासारख्या, झुपकेदार शेपटीच्या लहान प्राण्याने कुरतडलेले आहे. या तिघांमधला फरक नुसत्या डोळ्यांनी निसटतो, म्हणून भिंगाचा आग्रह. बाकीचे खाणारे सहज ओळखता येतात. खार कवचाचे सरळ दोन तुकडे करते. भुंग्याची अळी बाहेर पडताना जेमतेम दोन मिलिमीटरचे नेटके छिद्र ठेवते. सुतार किंवा नटहॅच पक्षी कवच सालीच्या फटीत अडकवून चोचीने फोडत असल्यामुळे भोक वेडेवाकडे आणि कडा तुटक्या राहतात.

हेझल डॉरमाऊस प्रामुख्याने दक्षिण इंग्लंड आणि वेल्समध्ये आढळतो आणि डेव्हनमध्ये त्याचा चांगला वावर आहे, तेव्हा मुलीच्या संग्रहात त्याचे कवच असण्याची शक्यता खरोखरच आहे. तो प्राणी झाडांवर राहणारा, रात्री फिरणारा आणि थंडीभर झोपणारा असल्याने त्याला पाहणे कठीण. त्यामुळे तो कोठे कोठे उरला आहे हे शोधण्यासाठी १९९३ साली ब्रिटनमध्ये लोकांकडून कवचे गोळा करून घेण्याची मोठी मोहीम राबवली गेली. त्यात हजारो सामान्य नागरिक आणि मुले सहभागी झाली होती. एका मुलीच्या खिशातली कवचे ही विज्ञानाची सामग्री असते, हे त्या मोहिमेने दाखवून दिले, आणि आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

शोध घ्यायला सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ उत्तम. ज्या हेझलच्या झुडपांवर हनीसकलच्या वेली चढलेल्या आहेत त्यांच्या खाली आधी पाहावे, कारण डॉरमाऊस त्या वेलीची साल सोलून घरट्यासाठी वापरतो. पडलेली कवचे उचलण्यास हरकत नाही. घरट्याला मात्र हात लावू नये. डॉरमाऊस कायद्याने संरक्षित आहे आणि त्याला हाताळण्यासाठी परवाना लागतो.

प्रश्न : शेताच्या कडेच्या झाडीत मोठमोठी बिळे आणि मातीचे ढीग दिसले. ती बॅजर या बिळे खणून राहणाऱ्या निशाचर प्राण्याची असतील का? जवळ जाऊन पाहिले तर चालेल का?
— एक वाचक, ग्लॉस्टरशायर

उत्तर : बिळाच्या तोंडाचा आकार आधी पाहावा. बॅजरच्या बिळाचे तोंड उंचीपेक्षा रुंदीला जास्त असते. अर्धवर्तुळ सपाट बाजूवर ठेवावे तसे, साधारण पंचवीस सेंटिमीटर किंवा अधिक रुंद. कोल्ह्याच्या बिळाचे तोंड उंचीला जास्त असते आणि जवळून उग्र दर्प येतो. सशाचे बीळ पुष्कळच लहान असते. बॅजरच्या बिळासमोरच्या मातीच्या ढिगात वाळलेले गवत आणि पालापाचोळा मिसळलेला दिसतो, कारण जुने अंथरूण तो बाहेर टाकतो आणि नवे गवत छातीशी धरून मागे मागे सरकत आत ओढून नेतो. त्या ओढण्याच्या वाटेवर गवताच्या काड्या विखुरलेल्या सापडल्या, तर बीळ वापरात आहे असे समजावे.

आसपास आणखी पुरावे असतातच. ठशात पाच बोटे जवळजवळ एका आडव्या ओळीत, मागे रुंद गादी आणि पुढच्या पायाच्या लांब नखांच्या खुणा बोटांपासून बऱ्याच पुढे दिसतात. ब्रिटनमधल्या दुसऱ्या कोणत्याही प्राण्याचा ठसा इतका ठसठशीत नाही. कुरणात गांडुळे शोधताना नाकाने केलेले छोटे निमुळते खड्डे असतात. विष्ठेसाठी बॅजर उथळ खड्डे खणतो आणि ते उघडेच ठेवतो. असे खड्डे बहुधा हद्दीच्या कडेने, रांगेत असतात. जेथे वाट कुंपणाखालून जाते तेथे खालच्या तारेला केस अडकतात. असा एक केस चिमटीत धरून फिरवावा. बॅजरचा राठ केस गोल नसून चपटा असल्यामुळे तो बोटांत सरळ न फिरता अडखळत फिरतो, आणि त्याचे बूड व टोक पांढरे, तर टोकाजवळचा पट्टा काळा असतो. एवढ्या एका केसावर खात्री होते, बिळापर्यंत जावेच लागत नाही.

जवळ जाण्याविषयी मात्र आम्ही सावध उत्तर देऊ. १९९२ च्या बॅजर संरक्षण कायद्यानुसार वापरात असलेल्या बिळाची मोडतोड करणे, त्याचे तोंड बुजवणे, त्यात कुत्रा सोडणे किंवा आतल्या बॅजरला त्रास देणे हा गुन्हा आहे. सार्वजनिक वाटेवरून पाहण्यात काहीच वावगे नाही. ढिगावर चढणे, तोंडाशी बसणे, आत काठी घालणे हे टाळावे, आणि खाजगी जमिनीवर पाऊल ठेवण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की त्या जागेचा पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नये. बॅजरवर कुत्रे घालण्याचा क्रूर खेळ १८३५ पासून बेकायदा असला तरी तो आजही चोरून चालतो, आणि असे लोक बिळांच्या शोधातच असतात. बिळाशी ताजी खोदाई, फावडी किंवा कुत्रे दिसल्यास स्वतः मध्ये न पडता पोलिसांना कळवावे.

प्रश्न : थेटफर्डच्या जंगलात खुरांचे लहानमोठे ठसे दिसतात. हरणांच्या जाती ठशावरून वेगळ्या करता येतात का?
— एक वाचक, सफक

उत्तर : काही प्रमाणात येतात. त्या जंगलात रेड, फॅलो, रो आणि मंटजॅक अशी चारही हरणे आहेत. मंटजॅकचा खूर जेमतेम तीन सेंटिमीटरचा आणि बऱ्याचदा त्याची दोन शकले असमान. रो हरणाचा साडेचार ते पाच. फॅलोचा त्याहून मोठा, आणि रेड हरणाचा आठ सेंटिमीटरच्या आसपास. मधल्या मापांत गफलत होते, कारण फॅलोचे पाडस आणि मोठे रो हरीण यांचे खूर सारखेच भरतात. ब्रिटनच्या कुरणांत मेंढ्या सर्वत्र असल्याने त्यांच्या ठशांनीही फसगत होते. मेंढीच्या खुराची टोके बोथट व गोलसर, हरणाची टोकदार असतात.

खुराच्या जोडीला कोवळे शेंडे पाहावेत. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्यामुळे ते फांदी तोडताना ओढते आणि टोक चिंध्यांसारखे फाटते. सशाने खाल्लेली फांदी तिरकी आणि स्वच्छ कापलेली असते. खाल्लेल्या शेंड्याची जमिनीपासूनची उंची मोजली, तर मोठ्या आणि लहान हरणांचा भेदही बराचसा उलगडतो.

प्रश्न : नदीवरच्या पुलाखाली दगडावर काळसर विष्ठा दिसली. पाणमांजर शहराच्या इतक्या जवळ येते का?
— एक वाचक, यॉर्क

उत्तर : येते. १९५० नंतरच्या दशकांत शेतीतल्या विषारी कीटकनाशकांमुळे इंग्लंडच्या बहुतेक नद्यांतून पाणमांजर नाहीसे झाले होते. ती रसायने बंद झाली, १९७८ पासून कायद्याचे संरक्षण मिळाले, नद्यांचे पाणी सुधारले, आणि २०११ मध्ये केंट परगण्यातही त्याच्या खुणा आढळल्यानंतर इंग्लंडमधील प्रत्येक परगण्यात ते परतल्याचे जाहीर झाले. पुलाखालचा उठून दिसणारा दगड ही त्याची आवडती खुणेची जागा आहे. विष्ठा ताजी असताना काळी व चिकट, सुकल्यावर राखाडी व ठिसूळ होते, आणि तिच्यात माशांचे काटे व खवले स्पष्ट दिसतात. शंका राहिल्यास वास घ्यावा : पाणमांजराच्या विष्ठेचा वास वाळलेल्या गवताच्या किंवा जाईच्या चहाच्या जवळ जाणारा, फारसा नकोसा न वाटणारा असतो, अमेरिकेतून आणलेल्या मिंक या पाणमांजराहून लहान प्राण्याच्या विष्ठेला मात्र सडकी दुर्गंधी येते. जवळच्या गाळात पाच बोटांचा रुंद ठसा मिळाला, तर उत्तमच. परंतु पाचवे बोट अनेकदा उमटत नाही, आणि बोटांमधला पडदा तर क्वचितच दिसतो.

प्रश्न : माग वाटेवरून रानात वळला, तर त्याच्यामागे जाण्याचा हक्क आहे का? गोचिडांची भीती कितपत बाळगावी?
— एक वाचक, एडिंबरो

उत्तर : आपण स्कॉटलंडमध्ये आहात, तेथे २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने बहुतेक जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिलेला आहे. घरांभोवतीची जागा आणि उभी पिके वगळावी लागतात, आणि शरद ऋतूत डोंगरांवर हरणांची शिकार चालू असताना लावलेल्या सूचना पाळाव्या लागतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये हा हक्क इतका व्यापक नाही : सार्वजनिक पायवाटा, आणि २००० च्या कायद्याने खुले केलेले डोंगर, माळ व सामायिक जमिनी यांच्या बाहेर मालकाची परवानगी लागते.

गोचिडांची भीती नको, खबरदारी हवी. ठसे पाहताना गवतात गुडघे टेकावे लागतात, म्हणून विजार मोज्यात खोचावी आणि घरी आल्यावर सारे अंग तपासावे. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. पुढील काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारा लालसर चट्टा उठला किंवा ताप आला, तर गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाची शक्यता डॉक्टरांना सांगावी.

प्रश्न : ठसा किती जुना आहे हे कसे कळते? आणि आपल्या नोंदींचा कोणाला उपयोग होतो का?
— एक वाचक, शेफील्ड

उत्तर : ठशाशेजारी स्वतःचा अंगठा त्याच मातीत दाबावा आणि दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी येऊन त्याच्या कडा कशा बदलत गेल्या ते पाहावे; वयाचा अंदाज शिकण्याचा याहून चांगला मार्ग आम्हाला ठाऊक नाही. जोडीला हवामानाची वही ठेवावी. ठशाच्या आत पावसाच्या थेंबांचे वण असतील, तर प्राणी पावसाआधी गेला. थेंबांनी खवले पडलेल्या जमिनीवर ठसा स्वच्छ असेल, तर पावसानंतर. गांडुळाने रात्री वर टाकलेली माती ठशाच्या आत दिसली, तर ठसा त्या रात्रीच्या आधीचा.

नोंदींचा उपयोग निश्चित होतो. सस्तन प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या मॅमल सोसायटी या संस्थेचे ‘मॅमल मॅपर’ हे ॲप किंवा ‘आयरेकॉर्ड’ हे संकेतस्थळ यांवर त्या पाठवता येतात. तारीख, नकाशावरचा ग्रिड संदर्भ (जागा दाखवणारी अक्षरे व अंक) आणि खुणेचा प्रकार लिहावा. छायाचित्र सरळ वरून घ्यावे आणि ठशाच्या लांबीला समांतर एक आणि रुंदीला समांतर दुसरी पट्टी ठेवावी, कारण मापाशिवायच्या छायाचित्रावरून नोंदी पडताळणारा तपासनीस ठशाची ओळख पक्की करू शकत नाही. ओळखीबद्दल शंका असेल तर तसे स्पष्ट लिहावे. कोल्हा, ससा, खार यांसारख्या नेहमीच्या प्राण्यांच्याही नोंदी पाठवाव्यात. दुर्मीळ प्राण्यांच्याच नोंदी येत राहिल्या, तर सामान्य प्राणी कोठे कमी होत आहेत हे नकाशावर उशिरा लक्षात येते.